‘कौमार्यपटल’ : एका शब्दाची तपासणी

काही वर्षांपूर्वी किशोरवयीन मुलींसाठी तयार होत असलेल्या एका आरोग्यपुस्तिकेचे मराठी भाषांतर तपासण्यासाठी माझ्याकडे आले. चोवीस पानांची साधी पुस्तिका. ती अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्तींच्या हाती जाणार होती आणि त्यांच्याकडून वाड्यावस्त्यांवरच्या मुलींपर्यंत. सातव्या पानावर स्त्रीच्या बाह्य जननेंद्रियांची आकृती होती. तिथे एका बाणाच्या टोकाशी भाषांतरकाराने ‘कौमार्यपटल’ असे लिहिले होते. मी तो शब्द खोडून ‘योनिपटल’ केला. पुढच्या बैठकीत, तीस वर्षे ग्रामीण रुग्णालयात काढलेल्या एका सिस्टरनी हरकत घेतली. “ताई, तुमचा शब्द बरोबर असेल. पण तो कुणाला कळायचा नाही. कौमार्यपटल म्हटलं की लगेच कळतं.”

त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येण्यासारखे नव्हते. वाचकाला कळणे हीच भाषांतराची पहिली अट. पण घरी परतताना प्रश्न मनात घोळत राहिला : ‘लगेच कळतं’ म्हणजे नेमके काय कळते? अवयव कळतो, की अवयवाविषयी आधीच दिलेला निकाल कळतो? त्याचा माग काढताना शरीरशास्त्र, जुनी आख्याने, न्यायवैद्यकाची क्रमिक पुस्तके, जातपंचायतीचे रिवाज आणि न्यायालयांचे निवाडे अशा, एकमेकांशी फारशा न बोलणाऱ्या, ठिकाणी जावे लागले. या लेखात ते सारे एका शब्दाच्या वाचनासाठी एकत्र आणले आहे.

नाव की निकाल?

शरीराच्या अवयवांना आपण नावे देतो ती त्यांच्या जागेवरून, आकारावरून किंवा कामावरून. कानाचा पडदा, मूत्रपिंड, श्वासनलिका, स्वरयंत्र. नाक कापले गेले म्हणजे अब्रू गेली, असे मराठीत सर्रास म्हणतात. पण म्हणून शरीरशास्त्राच्या पुस्तकात नाकाला कुणी ‘अब्रू’ म्हणत नाही. वाक्प्रचार वाक्प्रचाराच्या जागी आणि अवयव अवयवाच्या जागी राहतो. ‘कौमार्यपटल’ या शब्दात मात्र ही सीमा पुसली गेली आहे. कौमार्याचे पटल, असा हा षष्ठी तत्पुरुष. त्याचा विग्रह केला की तीन गृहीतके बाहेर पडतात : कौमार्य नावाची एक वस्तू आहे, ती शरीरात विशिष्ट जागी असते, आणि तिच्यावर एक पडदा असतो, जो असेल तर वस्तू शाबूत, नसेल तर गेली. या तीनही गोष्टी शरीरशास्त्राला ठाऊक नाहीत. समासाने त्या सिद्ध केल्यासारख्या वाटतात, एवढेच.

इंग्रजीतला ‘हायमेन’ हा शब्द मुळात इतका भारलेला नव्हता. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कोणताही पातळ पापुद्रा. ॲरिस्टॉटल तो शरीरातल्या निरनिराळ्या आवरणांसाठी वापरतो. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या ज्या कीटकगणात येतात त्याचे ‘हायमेनोप्टेरा’ हे शास्त्रीय नाव याच शब्दावरून पडले. अर्थ, पातळ पडद्यासारखे पंख असलेले. विवाहाच्या ग्रीक देवतेचे नावही असेच उच्चारले जाते, त्यामुळे पुढच्या काळात दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळले. दुसऱ्या शतकातला सोरॅनस हा ग्रीक वैद्य तर स्त्रीरोगांवरच्या आपल्या ग्रंथात, योनिमार्गावर आडवा पडदा असतो ही समजूतच चुकीची आहे, असे बजावून सांगतो. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य आंब्रुआझ पारे यानेही असा पडदा म्हणजे कुमारिकेची खूण, हे मानायला नकार दिला. युरोपातली शवविच्छेदने वाढत गेली तसा अवयव मान्य झाला. पण त्याच्या आधीपासून असलेली समजूत त्याला जाऊन चिकटली.

शरीरात असते ते काय?

गर्भात योनिमार्ग दोन वेगवेगळ्या उगमांतून घडत जातो आणि खालून येणाऱ्या पोकळीशी जिथे त्याची गाठ पडते तिथे एक पातळ पडदा राहतो. जन्माच्या आधी किंवा जन्माच्या सुमारास त्याला मध्ये छिद्र पडते. कडेने उरते ती मऊ झालर म्हणजे योनिपटल. योनिमार्ग ‘झाकणारे’ असे काही नसते. तोंडाशी असलेली ती एक कड असते. तिचे निश्चित असे काही काम शरीरशास्त्राला सापडलेले नाही.

या कडेचे रूप सगळ्यांत सारखे नसते. कुणाची वर्तुळाकार, कुणाची चंद्रकोरीसारखी, कुणाची महिरपी काठाची. कुणाच्या मधोमध एक पट्टी असते, तर कुणाला चाळणीसारखी बारीक छिद्रे. साधारण हजार-दोन हजार मुलींमागे एखादीला छिद्रच नसते. तेव्हा पाळीचे रक्त आत साठत जाते, दर महिन्याला पोट दुखते, पण पाळी दिसत नाही. अशा मुलीला लहानशी शस्त्रक्रिया लागते. म्हणजे लोकसमजुतीतला ‘पूर्ण बंद’ पडदा प्रत्यक्षात असतो तेव्हा तो पावित्र्याची खूण ठरत नाही, तो आजार असतो. त्या मुलीला दवाखान्यात न्यायचे की ‘लग्नानंतर बघू’ म्हणायचे, असा विचार घरात होतो तेव्हा या शब्दाची किंमत तिच्या पोटाने चुकवलेली असते.

वयाप्रमाणेही हे ऊतक बदलते. नवजात बाळात आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे ते जाड असते. बालपणी पातळ आणि हळवे होते. वयात येताना इस्ट्रोजेन वाढले की पुन्हा जाड, घडीदार आणि ताणले जाईल असे लवचीक होते. ताणले जाणारे ऊतक ‘फुटलेच’ पाहिजे, असा नियम नाही. पहिल्या संबंधाच्या वेळी काहींना रक्त येते, अनेकींना येत नाही. येते तेव्हा कारण पुष्कळदा कोरडेपणा, भीतीने आखडलेले स्नायू, घाई किंवा जबरदस्ती हे असते आणि इजा आजूबाजूच्या त्वचेलाही होते. चादरीवरच्या डागाला साक्षीला उभे करायचेच असेल, तर तो तिच्या आयुष्याविषयी काही सांगू शकणार नाही. त्या रात्री तिच्याशी कोण कसे वागले, याविषयी कदाचित सांगेल.

आता मोजमापाकडे वळू. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १,१३१ नवजात मुली तपासल्या, त्या सर्वांना योनिपटल होते. म्हणजे ‘काहींना जन्मतःच नसते’ हा आपल्याकडचा लाडका खुलासाही फारसा टिकत नाही. २००४ साली गरोदर असलेल्या ३६ किशोरवयीन मुलींच्या तपासणीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी फक्त दोघींमध्ये संबंधाची निश्चित म्हणता येईल अशी खूण सापडली. पोटात मूल, आणि पडदा काही बोलायला तयार नाही! त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात, संबंध आल्याचे स्वतः सांगणाऱ्या मुलींपैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणींचे योनिपटल अभंग दिसले. झालेल्या जखमाही लवकर भरतात. ओरखडे काही दिवसांत जातात, बऱ्याच खोल जखमा काही आठवड्यांत भरून येतात आणि बहुतेकदा मागे ठळक खूण उरत नाही. २०१७ साली झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात १,२६९ अभ्यासांतून निकषांना उतरणारे १७ निवडले गेले. निष्कर्ष असा की अशी तपासणी संबंध आला की नाही हे सांगू शकत नाही, उलट तपासल्या जाणाऱ्या स्त्रीला इजा मात्र करू शकते. ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, संयुक्त राष्ट्रांचे मानवाधिकार कार्यालय आणि यूएन विमेन यांनी ही तपासणी जगभर थांबवावी, असे संयुक्त निवेदन काढले.

इथे आपल्या सुधारकी भाषेकडेही चिकित्सेने पाहिले पाहिजे. गेली कित्येक वर्षे वर्तमानपत्रांतली आरोग्यसदरे मुलींच्या बाजूने एक युक्तिवाद करत आली आहेत : “सायकल चालवल्याने, खेळल्याने, घोडेस्वारीनेही पडदा फाटू शकतो.” हेतू चांगला आहे. पण खेळामुळे असे सर्रास होते याला भक्कम पुरावा नाही. त्याहून मोठी अडचण तर्काची आहे. हा युक्तिवाद खूण मान्य करतो आणि फक्त अपवादाची सोय मागतो. ‘फाटला आहे खरा, पण निर्दोष कारणाने’, असे म्हणणे म्हणजे दुसरे एखादे कारण दोषी असते हे कबूल करणेच. मुलीने आपल्या सायकलची पावती दाखवायची आणि परीक्षकाने ती मंजूर करायची. आपण मुलीचा बचाव करतो आणि न्यायासन जागच्या जागी राहू देतो.

कन्या, पुनर्भू आणि अक्षता

‘ही तर आपली परंपरा’ असे म्हणणाऱ्यांनी ती परंपरा एकदा नीट वाचावी. महाभारतात सत्यवती पराशराच्या संबंधानंतर पुन्हा कन्या होते, कुंती सूर्याच्या संबंधानंतर पुन्हा कन्या होते. गालवाच्या आख्यानातली माधवी चार पुरुषांना चार पुत्र देते आणि दर वेळी तिचे कन्यात्व परत येते. सकाळी ज्यांचे स्मरण करायचे त्या पंचकन्या म्हणजे अहल्या, द्रौपदी, कुंती, तारा आणि मंदोदरी. पाचही विवाहित, कुणाच्या आयुष्यात एकाहून अधिक पुरुष, आणि तरी शब्द ‘कन्या’. वनपर्वात तर सूर्य कुंतीला ‘कन्या’ शब्दाची व्युत्पत्ती ‘कम्’ म्हणजे इच्छा करणे या धातूपासून सांगतो. या कथांत कन्यात्व शरीरात सापडत नाही; ते वराने, म्हणजे शब्दाने, दिले जाते आणि शब्दानेच परत मिळते.

यावरून प्राचीन काळ मोठा उदार होता असा निष्कर्ष मी काढणार नाही. कुंती त्या प्रसंगी घाबरलेली आहे आणि सूर्याची व्युत्पत्ती सूर्याच्या सोयीची आहे. माधवीला तर कुणी विचारतच नाही. तिचे परत येणारे कन्यात्व म्हणजे तिला पुन्हापुन्हा देता येण्याची सोय आहे. आणि दुसरीकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुन्हा विवाह करता येईल अशा स्त्रीसाठी ‘अक्षतयोनि’ ही अट येते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात विधवाविवाहाचा वाद पेटला तेव्हाही बालविधवा आणि प्रौढ विधवा हा भेद सुधारकांच्या मांडणीत राहिलाच. सनातन्यांना पटवायचे तर ‘ती अजून मूलच होती’ हे सांगणे सोपे पडे. पुन्हा तोच प्रकार : खूण कायम, अपवाद मंजूर.

‘अक्षत’ हा शब्द आपल्या घरात रोज वावरतो. लग्नात वधूवरांवर टाकतो त्या अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. तांदळाला मोड नसणे शुभ मानले, इथवर ठीक. पण तोच शब्द मुलीला लावला की ती धान्यासारखी निवडून घ्यायची वस्तू होते. कालिदासाच्या दुष्यंतालाही शकुंतला पाहून न हुंगलेले फूल सुचते. आजच्या मुलांच्या तोंडी याच कल्पनेसाठी ‘सील’ हा शब्द आहे. फुलापासून बाटलीच्या बुचापर्यंत प्रतिमा बदलत आल्या. पाहणारा घेणारा आहे आणि पाहिली जाणारी माल आहे, हे नाते तसेच राहिले.

खरी आणि खोटी

‘माल’ हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८ च्या सुमारास ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ ही मोहीम चालवली, तेव्हा आपल्या लग्नातल्या रिवाजाविषयी ते उघडपणे बोलले. लग्नानंतर जोडप्याला पांढरी चादर देऊन खोलीत पाठवायचे. वधूच्या अंगावरच्या बांगड्या, पिना, टोचेल असे सारे आधी काढून घ्यायचे. नंतर पंचांसमोर नवऱ्याला विचारायचे, माल खरा होता की खोटा. चादर कोरी निघाली तर मुलीला मारहाण, दंड, अपमान. बोलणाऱ्या तरुणांना मारहाण झाली, बहिष्कारही सोसावा लागला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६ मध्ये केला होता आणि तो २०१७ पासून लागू झाला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये, कौमार्य चाचणी करायला लावणे हा लैंगिक अत्याचाराचा प्रकार मानला जाईल, असे राज्य सरकारने जाहीर केले.

त्या काळात मध्यमवर्गीय वाचकाने ‘अजूनही असले प्रकार चालतात!’ म्हणून हळहळ व्यक्त केली. ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींपैकी ही एक, त्यामुळे हळहळीत थोडा जुना तुच्छतेचा सूरही होता. म्हणून आता दुसरे पुस्तक उघडू. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्पिढ्या शिकवल्या गेलेल्या न्यायवैद्यकाच्या क्रमिक पुस्तकांत ‘कौमार्याची लक्षणे’ असा स्वतंत्र भाग असे. त्यात केवळ योनिपटल नव्हते. स्तन किती टणक, भगोष्ठ कसे मिटलेले, याचेही तक्ते होते. आणि त्यात दोन वर्ग होते : ‘खरी कुमारी’ आणि ‘खोटी कुमारी’. खोटी कुमारी म्हणजे जिचा संबंध आलेला आहे, पण योनिपटल अभंग आहे अशी स्त्री.

ही व्याख्या थांबून वाचण्यासारखी आहे. एखादी खूण आणि वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नसेल, तर विज्ञानाचा विद्यार्थी म्हणेल की खूण निकामी आहे. पुस्तक तसे म्हणत नाही. पडदा अभंग असूनही संबंध आलेला आहे, म्हणजे पडद्याने ‘खोटी साक्ष’ दिली. पण पुस्तक खोटे ठरवते ते बाईला. जातपंचायतही हेच करते. चादरीवर रक्त नाही, म्हणजे चादर काही सांगू शकत नाही, असे पंच म्हणत नाहीत. मुलगी खोटी, असे म्हणतात. पंचांच्या तोंडी ‘खरा माल, खोटा माल’. प्राध्यापकांच्या तक्त्यात ‘खरी कुमारी, खोटी कुमारी’. एक बोली, दुसरी परिभाषा. खूण कधीच चुकत नाही, चुकते ती बाई, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. मला या साऱ्या शोधात सापडलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण इथे अडाणी रिवाज आणि शास्त्रीय ज्ञान यांच्यातली आपल्याला सोयीची भिंत कोसळते.

पांढरी चादर, पांढरा कागद

या परिभाषेचे पुढे काय होते, हे आपल्याच राज्याने पाहिले आहे. १९७२ साली चंद्रपूर भागातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. तो ज्या नावाने ओळखला जातो ते नाव तिचे आहे, म्हणून मी ते इथे लिहीत नाही; कायद्याच्या पुस्तकात तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असा आहे. वैद्यकीय अहवालात दोन गोष्टी नोंदल्या होत्या : योनिपटलावर जुन्या फाटण्याच्या खुणा, आणि योनिमार्गात दोन बोटे सहज जातात. १९७४ साली सत्र न्यायालयाने तिला संबंधांची ‘सवय’ असल्याचे धरून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या चौघा कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या आंदोलनामुळे १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

दोन बोटांची ही चाचणी काय मोजत होती? योनिमार्गाच्या भिंती स्नायूंच्या असतात. त्या भीतीने आवळतात, सैलही होतात. तपासणाऱ्याच्या बोटांना ठरलेले माप नसते. आणि समजा ‘सवय’ मोजता आली असती, तरी तिचा त्या रात्रीच्या संमतीशी काय संबंध? पांढऱ्या चादरीने मुलीचा भूतकाळ शोधला, अहवालाच्या पांढऱ्या कागदानेही तेच केले. फरक इतकाच की कागदावर शिक्का होता.

आधुनिक राज्यसंस्थेचा हा मोह आपल्यापुरता नाही. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची अशी तपासणी झाल्याचे उघडकीस आले. कुमारिका असेल तर ती खरी वाग्दत्त वधू, नाहीतर आधीच कुणाची पत्नी, असा तर्क लढवला होता. पुढे अभ्यासकांनी जुनी सरकारी कागदपत्रे पाहिली तेव्हा अशा तपासण्या झालेल्या स्त्रियांची संख्या ऐंशीच्या घरात निघाली.

बदल घडला तो सहज नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या अशास्त्रीय असल्याचे अहवाल लिहून, नागपूर खंडपीठापुढे हा विषय जाऊन, पाठपुरावा केला. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था महापालिकेच्या रुग्णालयांसोबत तपासणीची संवेदनशील पद्धत रुजवत होती. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती वर्ज्य ठरवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असे बजावले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने केरळातल्या एका खून खटल्यातील आरोपी जोगिणीच्या याचिकेवर, आरोपी स्त्रीचीही कौमार्य चाचणी घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्येच ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग अभ्यासक्रमातून काढला होता.

इतके झाल्यावर, ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात योनिपटलाचे प्रकार आणि कौमार्याचे न्यायवैद्यकीय महत्त्व हे विषय पुन्हा अवतरले. टीका झाली आणि काही दिवसांत तो अभ्यासक्रम मागे घेतला गेला. मागे घेतला हे चांगलेच. पण कुणाला तरी तो लिहिताना त्यात काही वावगे वाटले नव्हते. अकरा वर्षांचे निवाडे एका परिच्छेदाने पुसले जाऊ शकतात, कारण निवाडे चाचणीवर बंदी घालतात, शब्दावर नाही.

एक शंका इथे रास्त आहे. अत्याचाराच्या तपासात वैद्यकीय पुरावा लागतो. मग डॉक्टरांनी काही पाहायचेच नाही का? पाहायचे, आणि काळजीपूर्वक नोंदवायचे. ताजी जखम, सूज, रक्तस्राव यांची नोंद योनिपटलापाशी असली तरी ती जखमेची नोंद आहे, जशी हातावरच्या वळाची असते. जखम नसणे म्हणजे अत्याचार न होणे नव्हे, हेही त्याच नोंदीत लिहिता येते. तपासणी जखमेची असते. कौमार्य हा वैद्यकीय निष्कर्षच नाही.

शब्द बदलून काय होते?

सिस्टरांच्या हरकतीला उत्तर द्यायचे तर आपल्याच भाषेतली दोन उदाहरणे आधी विचारात घेतली पाहिजेत, आणि ती माझ्या बाजूची नाहीत. मराठीत एका रोगाला ‘देवी’ म्हणत. तो रोग १९७५ नंतर भारतात उरला नाही, पण त्यासाठी नाव बदलावे लागले नाही. लस टोचावी लागली. ‘महारोग’ हा शब्दही बोचरा, पण बाबा आमटे यांच्या संस्थेच्या नावात तोच आहे आणि कुष्ठरुग्णांना माणसात आणण्याचे मोठे काम त्याच नावाखाली झाले. शब्द सोवळे केले की समाज सुधारतो, असे मानण्याइतका भाबडेपणा परवडणारा नाही.

पण एक फरक आहे. देवीच्या रोगाला विषाणू होता. नाव काहीही असो, लस विषाणूवर चालली. कौमार्याच्या बाबतीत शरीरात काहीच नाही. सारा आजार अर्थात आहे, आणि अर्थाचे राहण्याचे ठिकाण शब्द हेच. म्हणून इथे शब्द तपासणे हा उपचाराचाच एक भाग ठरतो. स्वीडनमध्ये लैंगिक शिक्षणाचे काम करणाऱ्या ‘आरएफएसयू’ या संस्थेने २००९ साली नेमके हेच केले. स्वीडिश भाषेतल्या ‘कौमार्याचा पडदा’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दाऐवजी त्यांनी ‘योनीची कड’ किंवा ‘योनीचे कडे’ अशा अर्थाचा नवा शब्द सुचवला. जुन्या शब्दात गृहीत धरलेला पडदा शरीरात नाहीच, हे त्यांचे साधे म्हणणे होते.

मराठीला हे काम परके नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवत राहिले, शरीराला शरीराच्या शब्दांत बोलत राहिले. अश्लीलतेचे खटले त्यांच्यावर झाले; १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज तसे खटले होत नाहीत. आज आपण नीटनेटका, संस्कृतप्रचुर, सभ्य शब्द वापरतो आणि त्याच्या पोटात पंचायत लपवून ठेवतो. उघडा शब्द अश्लील वाटतो. ‘कौमार्यपटल’ मात्र शाळेच्या पुस्तिकेत चालतो, कारण तो सोवळ्यात आहे.

आमच्या पुस्तिकेचे शेवटी असे झाले. शब्द ‘योनिपटल’ राहिला. ‘कुणाला कळायचा नाही’ या हरकतीवर उपाय म्हणून त्याखाली एक वाक्य घालायचे ठरले, आणि ते सिस्टरांनीच तिथल्या तिथे सांगितले : “हे प्रत्येकीचं वेगळं असतं, ते बघून कुणाबद्दल काही सांगता येत नाही, डॉक्टरलासुद्धा नाही.” माझ्या सगळ्या व्युत्पत्तीहून ते वाक्य सरस होते, म्हणून एकही अक्षर न बदलता छापले.

दोन वर्षांनी दुसरी आवृत्ती हाती आली. सातव्या पानावर कुणीतरी ‘योनिपटल’च्या पुढे कंस करून त्यात जुना शब्द घातला होता, सोयीसाठी. खालचे वाक्य मात्र होते तसेच होते. आता त्या पानावर दोघे शेजारी शेजारी राहतात, आणि पुस्तिका घेऊन वस्तीवर जाणारी आशाताई त्यांतले कोणते मोठ्याने वाचते, यावर पुढचे अवलंबून आहे.